पौध चिमुकली असतानाच उचला

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हिवाळी फुलांवर पानभर मजकूर आला. इंदुरात मराठी वाचणाऱ्यांसाठी कोणी फुलांवर अख्खे पान द्यावे याचा मला फार आनंद झाला, आणि त्याबद्दल आपले आभार. पण त्या पानावरचा सल्ला नवख्या माणसाने तंतोतंत पाळला, तर त्याच्या हाती एकही पिटुनिया लागणार नाही. ‘सर्व बियाणे अर्धा इंच मातीखाली पेरावे, रोपे वीतभर झाली की गमल्यात हलवावीत, डिसेंबर हा लागवडीचा उत्तम काळ’ असे त्यात म्हटले आहे. मी शाळेत वर्षानुवर्षे जीवशास्त्र शिकवले आणि रामबागेतल्या आमच्या गच्चीवर दर थंडीत बियांपासूनच फुले करते, म्हणून हे पत्र.

यातला सर्वांत जास्त नुकसान करणारा सल्ला वीतभर उंचीचा आहे. त्यावर मला सविस्तर लिहायचे आहे, पण आधी बाकीचे दोन.

पिटुनियाचे बी खसखशीपेक्षाही बारीक असते. एका ग्रॅममध्ये त्याचे सुमारे १०,००० दाणे भरतात. झेंडूचे तेवढ्याच वजनात ३०० च्या आसपास. झेंडूच्या बियांत अंकुराला माती फोडून वर येण्यापुरती शिदोरी असते, पिटुनियाच्या दाण्यात ती असणार किती? शिवाय पिटुनिया आणि स्नॅपड्रॅगन यांच्या बियांना उगवायला उजेड लागतो. अर्धा इंच माती लोटली की दाणा अंधारात बसून राहतो आणि आपण दुकानदाराला बोल लावतो की बी जुने दिले. हे बारीक बी कोरड्या, चाळलेल्या रेतीत मिसळावे, घडी घातलेल्या कागदावरून टिचकी मारत ओल्या मातीवर भुरभुरावे आणि वाटीच्या बुडाने हलकेच दाबावे. वर माती घालूच नये. पॅन्झी, फ्लॉक्स आणि व्हर्बिना यांचे याच्या उलट आहे. त्यांना अंधार हवा, म्हणून चाळलेल्या मातीचा पातळ थर द्यावा आणि कोंब दिसेपर्यंत वर वर्तमानपत्राचा कागद ठेवावा. पहिला कोंब दिसला त्याच सकाळी तो कागद काढावा लागतो, एक दिवसही उशीर झाला तर रोपे उजेडाच्या शोधात लांबट आणि फिकी होतात. अर्धा इंच खोली बरोबर आहे ती स्वीट पी आणि नॅस्टर्शियमसाठी. त्यांचे दाणे वाटाण्यासारखे ठसठशीत असतात आणि रात्रभर भिजवून पेरले तर लवकर उगवतात.

आता डिसेंबर. पिटुनियाला पेरणीपासून फुलायला अडीच-तीन महिने लागतात, स्नॅपड्रॅगनला त्याहून थोडे जास्तच. डिसेंबरात पेरलेले बी मार्चमध्ये कळीवर येते आणि मार्चमध्ये मालव्यातला पारा पस्तिशीकडे निघालेला असतो. ज्या फुलांना गारवा हवा, त्यांना आपण नेमके उन्हाळ्याच्या तोंडी उभे करतो.

आमच्या सासूबाईंना या कामासाठी पंचांग पुरत असे. घटस्थापनेला घटाभोवती धान्य पेरले की त्याच मातीच्या हातांनी त्या गच्चीवर जाऊन फुलांचे बी पेरत. कोजागरीपर्यंत कॅलेंड्युला आणि ॲस्टर पहिल्या खऱ्या पानांवर येत, मग त्यांची उचल होई, म्हणजे एकेक रोप काढून दुसऱ्या डब्यात लावले जाई. पिटुनिया सावकाश वाढणारी, तिची पाळी वसुबारसेच्या आत, फराळाच्या कढया चुलीवर चढण्यापूर्वी. देवदिवाळीच्या सुमारास सगळी झाडे आपापल्या मोठ्या गमल्यांत गेलेली असत आणि संक्रांतीला हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका आधी गच्चीवर जात. अधिक महिन्याच्या वर्षी घट उशिरा बसतात. त्या वर्षी सासूबाई घटांची वाट बघत नसत, पाऊस परतला आणि रात्री पांघरूण घ्यावेसे वाटू लागले की पेरून मोकळ्या होत. शब-ए-मालवा म्हणून आपण आपल्या रात्रींचा अभिमान बाळगतो, तोच गारवा पॅन्झीचे बी मागत असते. उकाड्यात ते नीट उगवत नाही.

मुख्य मुद्द्याकडे येते. बी उगवले की आधी दोन पाने वर येतात, ती बीजदले. बहुतेक फुलांची बीजदले साधी, गुळगुळीत, एकमेकांसारखी असतात. त्यांच्यावरून झेंडू कोणता आणि झिनिया कोणता हे नवख्याला ओळखता येत नाही. त्यांच्या मधून जी पुढची पाने फुटतात ती त्या झाडाची खरी पाने. झेंडूचे पान तिथेच कातरलेले दिसते. खऱ्या पानांची ही पहिली जोडी उघडली, की रोप उचलायची वेळ झाली. पिटुनियाचे रोप त्या वेळी अर्धा इंचही उंच नसते.

लोक कचरतात ते इथे. ‘इतकेसे ते, कसे धरायचे? जरा मोठे होऊ द्या.’ हे मायेपोटीच वाटते, मला कळते. पण त्या वयात रोपाचे मूळ म्हणजे एक सरळ धागा आणि फार तर दोन-चार फाटे. मातीसकट अलगद उचलले तर त्यातले जवळजवळ काही तुटत नाही. पाणी ओढून घेण्याचे काम मुळाच्या टोकाजवळचे मूलरोम, म्हणजे केसांसारखे बारीक धागे, करतात. ते इतके नाजूक असतात की थोडे तुटणारच. मात्र दोन चिमुकल्या पानांतून उडून जाणारे पाणीही तेवढेच थोडे. एखाद-दोन दिवसांत नवे मूलरोम येतात आणि रोपाला आपण हललो हे फारसे कळतही नाही.

वीतभर रोपाचे काय होते ते पाहा. दाटीने उगवलेली रोपे एकमेकांच्या सावलीत उंच होत जातात. दांडी बारीक, खालची पाने पिवळी. मातीच्या आत मुळांचा गुंता झालेला असतो, एक ओढले की शेजारची दोन वर येतात. अर्धी मुळे बी पेरलेल्या जुन्या परातीतच राहतात आणि वर दहा-बारा पाने मात्र पूर्वीइतकेच पाणी हवेत सोडत असतात. दुपारपर्यंत रोप मान टाकते. काही मरतात. जी जगतात ती पंधरा-पंधरा दिवस नवे पान न काढता नुसती बसून राहतात. आपली थंडी आहेच किती? त्यातले पंधरा दिवस असे घालवणे मला सहन होत नाही.

उचलण्याची रीत लिहिते, कारण पुरवणीत ती मुळीच नव्हती. तासभर आधी परातीला पाणी द्यावे म्हणजे माती धरून राहते. वेळ संध्याकाळची, ऊन उतरल्यावर. आइस्क्रीमची लाकडी काडी एका टोकाला निमुळती करून घ्यावी, ती रोपाच्या शेजारी तिरकी खुपसून खालून उचकटावे. रोप वर आले की बीजदलाला धरावे. दांडीला बोट लावू नये. बीजदल फाटले तरी रोप दुसरी पाने काढून जगते, दांडी मात्र एकच आहे आणि तिच्यातूनच सगळे पाणी वर जाते. ती चिमटली की संपले. नव्या डब्यात पेन्सिलीने मूळ सरळ उतरेल एवढे खोल भोक करावे. मूळ दुमडून वर तोंड करून राहिले तर रोप कायम खुरटते. बीजदलांच्या जरा खालपर्यंत दांडी मातीत जाऊ द्यावी, पण मधला वाढणारा शेंडा मातीत बुडता कामा नये. अंगठ्याने माती दाबायची गरज नाही, बारीक झारीचे पाणी ती बसवते. दोन रोपांत दोन-तीन बोटांचे अंतर ठेवावे. डबा कसलाही चालतो, मिठाईचा, दह्याचा, चहाचा कागदी पेला, फक्त बुडाला भोके हवीत. पहिले तीन-चार दिवस सावलीत, मग सकाळचे कोवळे ऊन, मग हळूहळू दिवसभराचे.

आमच्या खालच्या मजल्यावरची सातवीतली मुलगी यंदा माझ्याबरोबर बसली होती. तिने विचारले, “आजी, दांडी धरली तर काय होईल?” मी म्हटले, धरून बघ. एक रोप तिने दांडीला धरून लावले आणि त्याच्या शेजारी बीजदलाला धरून उचललेले. दुसऱ्या दिवशी शाळेच्या आधी ती धावत वर आली. दांडीचे रोप चिमटीच्या जागी काळपट होऊन आडवे झाले होते, शेजारचे ताठ उभे होते. त्यानंतर तिला काही सांगावे लागले नाही. पुढच्या अख्ख्या डब्याची रोपे तिने एकटीने लावली आणि ती माझ्यापेक्षा नीटस लागली. लहान बोटांना हे काम फार चांगले जमते. शाळेशाळेत परसबागेचा तास असतो तिथे मुलांच्या हाती आधी कुदळ देण्यापेक्षा ही काडी द्यावी असे मला मनापासून वाटते.

मुलांना आवडणारी आणखी एक गोष्ट. मिश्र रंगांच्या स्नॅपड्रॅगनची पौध उचलताना देठ निरखून पाहावेत. ज्यांच्या देठावर तांबूस झाक असते त्यांची फुले गडद रंगाची येतात, पांढऱ्या आणि पिवळ्या फुलांच्या रोपांचे देठ नुसते हिरवे असतात. म्हणजे फूल यायच्या दोन-तीन महिने आधी गमल्यातली रंगसंगती ठरवता येते. आणि मिश्र पाकिटातली फक्त दांडगी रोपे निवडून बाकीची फेकू नयेत. सगळे रंग एका चालीने वाढत नाहीत, मागे राहिलेल्यांत कधी सर्वांत सुंदर छटा असते.

वीतभर रोपाचा सल्ला कुठून आला असेल याचा मी विचार केला. नर्सरीत डिसेंबरात काळ्या थैलीत फुललेले झाड मिळते, ते पाहून तो आला असावा. त्या झाडाबद्दल वाचकांना नीट कळायला हवे. थैली लहान, मुळांना पुढे जायला जागा नाही. अशा अडचणीतले वर्षायू झाड वाढ थांबवते आणि घाईने कळ्या काढते, कारण त्याला एकाच हंगामात बी करून जायचे असते. घरी आणल्यावर ती फुले आठ-पंधरा दिवस दिसतात, मग झाड तसेच ठेंगणे राहते आणि लोक ते कचरागाडीत टाकतात. ज्यांना दुसरा मार्ग नाही त्यांनी निदान थैलीतली फुले आणि कळ्या खुडून, शेंडा मोडून, मुळांचा तळाचा गुंता हलक्या हाताने सोडवून मग झाड लावावे. बियांपासून केलेल्या पिटुनियाचाही शेंडा बोटभर उंचीवर खुडायचा असतोच, म्हणजे बाजूने फांद्या फुटतात. घरच्या पौधीला आपण हे वेळेवर करतो. थैलीतल्या झाडाची ती वेळ बहुधा आधीच टळलेली असते.

मातीबद्दल पुरवणीत लिहिले आहे की कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, विटा विकत आणाव्यात. आणाव्यात, त्याला माझी हरकत नाही, पण त्यात पोषण जवळजवळ नसते हे सांगायला हवे होते. आपल्या मालव्याची काळी माती बियांच्या परातीला नुसती चालत नाही हे खरे आहे. ओली झाली की ती फुगते, सुकली की भेगा पडतात आणि त्या भेगांत चिमुकली मुळे तुटतात. तिच्यात तेवढीच रेती आणि तेवढेच चाळलेले पालापाचोळ्याचे खत मिसळले की उत्तम परात होते. आणि खताच्या बाबतीत इंदूरकराने बाहेर पाहावे, याचे मला वाईट वाटते. अल्बर्ट हॉवर्ड हे १९२४ पासून १९३१ पर्यंत इथल्या वनस्पती उद्योग संस्थेचे, म्हणजे आजच्या कृषी महाविद्यालयाचे, प्रमुख होते. काडीकचरा, शेण आणि गोठ्यातली मूत्र मुरलेली माती थरांनी रचायची, तीनदा उलटवायची आणि तीन महिन्यांत खत करायचे, ही त्यांनी इथे बसवलेली पद्धत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. १९३१ साली तिच्यावर जे पुस्तक निघाले त्यावर हॉवर्ड यांच्या बरोबरीने यशवंत वाड यांचे नाव आहे. आपल्या मराठी वाचकांना हे नाव माहीत असायला हवे. २०१७ साली आपले शहर स्वच्छतेत देशात पहिले आले, घरोघरी ओला कचरा वेगळा होऊ लागला. त्या ओल्या कचऱ्यातला आणि गच्चीवरच्या सुक्या पानांतला थोडा भाग एका मोठ्या माठात कुजवला, तर अख्ख्या मोसमाच्या पौधीला पुरतो. खत मात्र पूर्ण मुरलेले हवे. कच्च्या शेणखताने कोवळी मुळे होरपळतात आणि बुरशीही वाढते.

बुरशीवरून आठवले. छान उगवलेली रोपे एका सकाळी जमिनीलगत बारीक होऊन कोलमडतात, हे ज्यांनी पाहिले आहे ते बियांच्या वाटेला पुन्हा जात नाहीत. हा मर रोग. तो करणाऱ्या बुरशी मातीतच असतात. त्यांना दाटी, साचलेली ओल आणि कोंडलेली हवा हवी असते. पेरण्याच्या दोन-तीन दिवस आधी परातीतल्या मातीवर उकळते पाणी ओतून ती निथळू द्यावी. विरळ पेरावे, पाकीट संपवायची घाई करू नये, उरलेले बी घट्ट झाकणाच्या बाटलीत कोरड्या जागी पुढच्या वर्षापर्यंत चांगले राहते. पाणी सकाळी द्यावे आणि वरून शिंपडण्याऐवजी परात पाण्याच्या ताटात ठेवून खालून ओढू द्यावे. रोग दिसलाच तर त्या कोपऱ्यातली रोपे मातीसकट काढून टाकावीत आणि बाकीची, दोनच पानांची असली तरी, त्याच संध्याकाळी उचलून ताज्या मातीत लावावीत. लवकर उचलण्याचा हाही एक मोठा फायदा आहे, दाटीच मोडते.

काही फुले मात्र उचलू नयेतच. पॉपी, कॅलिफोर्निया पॉपी, लार्कस्पर, ल्युपिन यांचे सोटमूळ सरळ खाली जाते आणि दुखावले की झाड रुसते ते रुसतेच. त्यांचे बी जिथे फुलायचे तिथेच पेरावे आणि दाट उगवली तर जास्तीची कात्रीने कापावीत. स्वीट पी आणि नॅस्टर्शियमचेही तेच.

आपल्याला माझी विनंती अशी आहे. हिवाळी फुलांचे पान पुढच्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या आठवड्यात छापावे. गणपती गेले की घट बसेपर्यंत जे पंधरा-सोळा दिवस मिळतात, त्यांत माती चाळणे आणि बी आणणे होते. पावसाळ्यातल्या तेरडा, कोंबडा आणि बटणफुलाचे पान जूनच्या सुरुवातीला द्यावे. यंदा ज्यांनी पुरवणी वाचून आताच पिटुनियाचे पाकीट घेतले असेल, त्यांना कृपया कळवावे की ते पुढच्या घटस्थापनेपर्यंत जपून ठेवा, आता पेरू नका. हात शिवशिवत असतील तर उन्हाळ्यासाठी झिनिया, कॉस्मॉस आणि गॅलार्डिया आहेत. त्यांची पेरणी फेब्रुवारीत, झिनिया चार-पाच दिवसांत उगवतो आणि त्याची रोपे धरायलाही सोपी, शिकायला याहून चांगले फूल नाही. त्याचे पान जानेवारीच्या अखेरीस द्यावे, म्हणजे वाचकांना बी आणायला वेळ मिळेल. आणि त्या पानावर बीजदल आणि खरे पान शेजारी-शेजारी दाखवणारे चित्र मोठ्या आकारात छापावे. चित्र काढायला खऱ्या रोपांची गरज लागली, तर मी ती आपल्या कार्यालयात आणून देईन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
रामबाग, इंदूर